विश्लेषण : पार्ल्यात जुन्या इमारतीत घर घेताय? आधी गल्लीची रुंदी मोजा!

मुंबईच्या उपनगरांत घर शोधायला निघालेल्या कुटुंबासमोर बहुतेकदा दोन पर्याय येतात. एक म्हणजे महामार्गालगतचा नवा टॉवर. तिथे जलतरण तलाव असतो, पण दूध आणायलाही गाडी काढावी लागते. दुसरा म्हणजे विलेपार्ले पूर्व, मुलुंड किंवा ठाण्याच्या नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीतला, १९५० ते ७०च्या दशकांत बांधलेल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीतला फ्लॅट. स्टेशन, शाळा, मंडई, दवाखाना, सगळे पायी. वयस्कर आई-वडील आणि शाळेत जाणारी मुले घरात असतील तर मन दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, यात नवल नाही.

मात्र त्या फ्लॅटसाठी आयुष्यभराची बचत मोजताना नेमके काय विकत घेतले जात आहे, हे अनेकांना व्यवहार झाल्यावर कळते. विलेपार्ले पूर्वेच्या उदाहरणातून ते समजून घेऊ.

पार्ले पायी फिरता येण्यासारखे का आहे?

पार्ले मुंबई महापालिकेत आले ते १९५० मध्ये. त्याआधीच तिथे गावाला लागते ते सगळे उभे राहिले होते. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चे, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, बिस्किटांचा कारखाना १९२९ चा. (कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर येणारा तो वास गेला, ही तक्रार जुने पार्लेकर अजूनही करतात.) साठ्ये महाविद्यालय १९५९ मध्ये सुरू झाले. हनुमान रोड, महात्मा गांधी रोड, नेहरू रोड, परांजपे स्कीम या भागांतून यातल्या बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांत चालत जाता येते.

यामागे योगायोग कमी आणि आखणी जास्त आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर उपनगरांत नगररचना योजना राबवल्या गेल्या. पार्ल्याचा मोठा भाग अशाच योजनांतून आखला गेला. छोटे भूखंड, एकमेकांना छेदणाऱ्या लहान गल्ल्या आणि मध्यभागी स्टेशन अशी ही रचना आहे. त्या काळात मोटार फारच थोड्यांकडे होती. गल्ली आखली गेली ती माणूस, सायकल आणि फार तर टांगा डोळ्यांसमोर ठेवून. त्यामुळे ती अरुंद राहिली, वाहने आपोआप हळू चालली आणि दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींना भिडल्या.

ही अरुंद गल्ली लक्षात ठेवावी. घराचा सगळा हिशेब पुढे तिच्यापाशीच येतो.

जाहिरातीतल्या किमतीत नेमके काय विकले जाते?

१९६०च्या सुमाराच्या इमारतीतला फ्लॅट म्हणजे जाड भिंती, उंच छत, मोझॅकची फरशी, लोखंडी चौकटीच्या खिडक्या, पुढे बाल्कनी आणि आवारात एखादे नारळाचे झाड. लिफ्ट नाही, पार्किंग जवळपास नाही. अशा फ्लॅटचा प्रति चौरस फूट दर बरेचदा जवळच्या तुलनेने नव्या इमारतीच्या तोडीचा असतो. पन्नास-साठ वर्षे जुन्या बांधकामाला एवढा भाव कशाचा?

उत्तर दलालाच्या एका वाक्यात असते : ‘सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे.’ म्हणजेच त्या किमतीत आजच्या फ्लॅटबरोबर उद्याच्या, अजून कागदावरही नसलेल्या मोठ्या फ्लॅटचीही किंमत मिळवलेली असते. विक्रेता तो नफा आज रोखीत घेऊन बाहेर पडतो. जोखीम खरेदीदाराकडे येते.

इथे कायदेशीर बाजूही समजून घ्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेत खरेदीदाराला मिळते ते संस्थेचे सभासदत्व, भाग प्रमाणपत्र आणि त्या आधारे फ्लॅटचा ताबा. इमारत आणि जमीन संस्थेची असते, निदान असायला हवी. त्यामुळे जुन्या इमारतीतला फ्लॅट घेणे म्हणजे प्रत्यक्षात एका भूखंडातला वाटा आणि सर्वसाधारण सभेतले एक मत विकत घेणे. भिंती आज ना उद्या जाणार आहेत. राहणार ती जमीन आणि ते मत.

मग गल्लीच्या रुंदीचा संबंध काय?

मुंबईत किती बांधकाम करता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ठरवतो. २०१८ मध्ये लागू झालेल्या ‘विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४’ने हा निर्देशांक भूखंडासमोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधला. उपनगरांत मूळ एफएसआय १ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर सर्वसाधारण नियमाने तेवढाच. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) विकत घेऊन तो २ पर्यंत जातो. त्याहून रुंद रस्त्यांना टप्प्याटप्प्याने २.५ पर्यंत. यावर निवासी बांधकामाला ३५ टक्के ‘फंजिबल’ क्षेत्र मिळते.

आकडे कोरडे वाटतील, पण एक ढोबळ हिशेब केला की चित्र स्पष्ट होते. समजा, ९०० चौरस मीटरच्या भूखंडावर १८ फ्लॅटची इमारत आहे आणि एकूण बांधकामही ९०० चौरस मीटर आहे. सभासदांना प्रत्येकी २५ टक्के वाढीव जागा हवी आहे. म्हणजे त्यांच्यासाठीच १,१२५ चौरस मीटर बांधावे लागेल.

गल्ली ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर फंजिबल धरून एकूण बांधता येते १,२१५ चौरस मीटर. सभासदांचे दिल्यावर विकासकाला विकायला उरते ९०. या ९० चौरस मीटरच्या विक्रीतून त्याने पूर्ण इमारत बांधायची, १८ कुटुंबांचे दोन-तीन वर्षांचे भाडे द्यायचे, महापालिकेचे शुल्क भरायचे आणि वर नफा कमवायचा. हे जमणार नाही, हे सांगायला सनदी लेखापालाची गरज नाही.

तीच इमारत ९ मीटरच्या रस्त्यावर असती तर? एकूण बांधकाम २,४३० चौरस मीटर आणि विक्रीसाठी १,३०५. अधिमूल्य आणि टीडीआरचा खर्च वजा केला तरी निविदा भरायला विकासक पुढे येतात. इमारत तशीच, सभासद तेवढेच, फरक फक्त रस्त्याचा.

३० वर्षांहून जुन्या सोसायट्यांसाठी याच नियमावलीत ३३(७)(ब) ही तरतूद आहे. तिच्यानुसार विद्यमान अधिकृत बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक घरामागे १० चौरस मीटर, यांपैकी जास्त असेल तेवढे क्षेत्र अधिमूल्याशिवाय मिळते. वरच्या उदाहरणात ते १८० चौरस मीटर होते. अरुंद गल्लीतला हिशेब त्याने थोडा सुधारतो. पण अशा ठिकाणी सभासदांना २५ टक्क्यांऐवजी ५-१० टक्क्यांवर समाधान मानावे लागणे किंवा स्वतःच्या खिशातून पैसे घालणे, या शक्यता उरतातच.

यावर आणखी एक पार्लेरी अडचण म्हणजे विमानतळ. सांताक्रूझ, पार्ले, कुर्ला, घाटकोपरचे काही भाग विमानांच्या उड्डाणमार्गाखाली, ‘फनेल झोन’मध्ये येतात. तिथे इमारतीच्या उंचीला भारतीय विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा आहे. कागदावर एफएसआय २ मिळाला तरी तो वर रचायला आकाश मोकळे नसते. त्यामुळे एकाच रस्त्यावर, दोनशे पावलांच्या अंतरावरच्या दोन सोसायट्यांचे भवितव्य वेगळे असू शकते. ‘शेजारच्या सोसायटीला ४० टक्के जादा मिळाले’ हे वाक्य ऐकून किंमत ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

खरेदीदाराने करायचे ते सोपे आहे. महापालिकेच्या संकेतस्थळावरून त्या भूखंडाचा विकास आराखडा शेरा (डीपी रिमार्क) काढता येतो. त्यात रस्त्याची रुंदी, प्रस्तावित रुंदीकरण आणि आरक्षणे दिसतात. उंचीची परवानगी किती, हे सोसायटीच्या वास्तुविशारदाला विचारता येते. दोन्ही गोष्टींना टोकन देण्याआधीचा एक आठवडा पुरतो.

जमीन कुणाच्या नावावर आहे?

सोसायटीला पन्नास वर्षे झाली म्हणजे जमीन तिच्या नावावर झालीच असेल, हा समज अनेकदा खोटा ठरतो. १९६३ च्या मालकी हक्क सदनिका कायद्यानुसार (मोफा) विकासकाने संस्था नोंदवल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचे असते. प्रत्यक्षात असंख्य इमारतींबाबत ते झालेच नाही. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग काढला गेला. मूळ मालक वा विकासक सही करत नसेल, सापडत नसेल किंवा हयात नसेल, तरी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून सोसायटीला हक्क मिळवता येतो.

तपासायचा कागद एकच, मालमत्ता पत्रक. त्यावर सोसायटीचे नाव नसेल तर पुनर्विकासाच्या गप्पांना अर्थ नाही. जमीन शासनाने भाडेपट्ट्याने किंवा अटींवर दिलेली असेल तर फ्लॅट हस्तांतरित करायलाच जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शुल्क लागू शकते. आणि इमारत पागडीची असेल तर सगळा व्यवहारच वेगळा. तिथे विकला जातो तो भाडेकरूचा हक्क. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तो हस्तांतरित करताना मोबदला घेणे मान्य केले आहे, पण घरमालकाच्या संमतीशिवाय पान हलत नाही आणि तो रिवाजाप्रमाणे मोठा हिस्सा मागतो. शिवाय मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींना मिळणारे संरक्षण उपनगरांतल्या पागडीच्या घरांना लागू नाही.

आणखी एक बारकी गोष्ट. साठ वर्षांत बाल्कनी खोलीत गेली, मागच्या मोरीवर स्लॅब पडला, आणि विक्रेता सांगतो ५५० चौरस फूट. पुनर्विकासात मोजले जाते ते मंजूर नकाशातले अधिकृत क्षेत्र. ते ४८० निघाले तर ७० फुटांचे पैसे पाण्यात. मंजूर नकाशाची प्रत मागितल्यावर विक्रेता चुळबुळ करू लागला तर तेवढ्यावरूनही बरेच कळते.

इमारत तोवर टिकेल का?

पुनर्विकास लांबला तर याच इमारतीत दहा वर्षे काढायची आहेत, हे गृहीत धरूनच तिच्याकडे पाहायला हवे. महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अहवालात इमारतीला श्रेणी दिली जाते. ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२’ म्हणजे मोठ्या दुरुस्तीची (काही वेळा अंशतः रिकामी करून), ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

नुसती श्रेणी वाचून थांबू नये. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतल्या सळईवर गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की ते संरक्षण संपते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे अधिक लवकर होते. गंजलेली सळई फुगते आणि प्लास्टर, मग काँक्रीट, ढलप्यांनी सुटते. अहवालात कार्बोनेशनची खोली, हाफ-सेल चाचणी, गाभ्याचे नमुने यांची आकडेवारी आहे का, की केवळ नजरेने पाहून शेरा मारला आहे, हे बघावे.

१९५०-६०च्या अनेक इमारतींत भार विटांच्या भिंतींवर असतो. अशा घरात एखाद्या हौशी रहिवाशाने स्वयंपाकघर मोठे करायला भिंत काढली असेल तर वरच्या मजल्यांचे ओझे कशावर आहे, हा प्रश्न उभा राहतो. जुनी मोझॅक न उखडता तिच्यावरच नवी फरशी बसवण्याची सवयही सार्वत्रिक आहे. पाच सेंटिमीटर जाडीच्या थराचे वजन प्रति चौरस मीटर साधारण १०० किलो भरते. ४० चौरस मीटरच्या घरात ते झाले चार टन. हे तीन मजल्यांवर तीन घरांत झाले असेल तर मूळ आराखडा करणाऱ्या अभियंत्याने कल्पनाही न केलेला भार त्या भिंती वाहत आहेत.

बँकाही हेच पाहतात. इमारतीचे उरलेले आयुष्य कमी वाटले तर कर्जाची मुदत आणि रक्कम कमी होते. वीस वर्षांच्या हप्त्याचा हिशेब धरून टोकन द्यायचे आणि बँकेने दहा वर्षांवर बोट ठेवायचे, अशी फसगत टाळायची तर कर्जाची तत्त्वतः मंजुरी त्या विशिष्ट इमारतीसाठी आधी घ्यावी.

पुनर्विकासाचा ठराव झालेला असेल तर?

शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार (सहकार कायद्याचे कलम ७९ अ) पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन-तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. विकासक निवडीची सभा निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर होते आणि तिचे चित्रीकरण केले जाते. विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी द्यावी आणि काम दोन, फार तर तीन वर्षांत पुरे करावे, असेही अपेक्षित आहे.

बहुमताचा निर्णय अल्पमतातल्या सभासदावर बंधनकारक असतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ पासून वारंवार स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘मला जुनेच घर हवे, मी हलणार नाही’ असे म्हणण्याची सोय नव्या खरेदीदाराला नाही. उलट, सभासदत्व मंजूर होऊन नाव लागेपर्यंत त्याला मतही नसते. त्या मधल्या दोन-तीन महिन्यांत सभा झाली तर त्याच्या घराचा निर्णय दुसरेच घेतात.

भाडे आणि कॉर्पसची रक्कम विक्रेत्याला मिळणार की खरेदीदाराला, हे विक्री करारात स्वच्छ लिहिलेले असावे. भांडणे बहुधा इथूनच सुरू होतात. आणि काम अडकले तर जुन्या सभासदाची स्थिती नव्या ग्राहकापेक्षा नाजूक असते. नव्या ग्राहकाला महारेराचा सरळ दरवाजा आहे. जुन्याला मुख्यतः विकासकाबरोबरच्या करारावर आणि त्या बँक हमीवर विसंबावे लागते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरचे, म्हणजे पत्राचाळीचे, उदाहरण मुंबईकर विसरलेले नाहीत. ते म्हाडाच्या वसाहतीचे प्रकरण होते, खासगी सोसायटीचे नव्हे. पण २००८ मध्ये करार झालेल्या त्या ६७२ कुटुंबांना घरासाठी दशकाहून अधिक काळ थांबावे लागले.

व्यवहाराचा खर्च किती?

मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के (मेट्रो अधिभार धरून), केवळ महिलेच्या नावावर घर असेल तर ५ टक्के आणि नोंदणी शुल्क कमाल ३० हजार रुपये. दीड कोटींच्या फ्लॅटला ९ लाख, महिलेच्या नावावर साडेसात लाख. जुन्या घरावर जीएसटी नाही. किंमत ५० लाख वा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेता येते. ‘देणगी’ या नावाखाली त्यावर मागितले तर नकार देता येतो, जरी नव्या शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी वाद घालायला कुणाला आवडत नसले तरी. पुनर्विकासानंतर मूळ हक्काच्या घराच्या करारावर पुन्हा बाजारमूल्याने मुद्रांक शुल्क लागत नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. पैसे देऊन घेतलेल्या जादा क्षेत्रावर मात्र ते भरावे लागते.

ठाणे, डोंबिवलीत नियमावली वेगळी आहे. तिथे डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित विकास नियमावली लागू आहे. कागदांची तपासणी मात्र हीच.

आणि ज्या गल्लीसाठी घर घेतले, तिचे काय?

अरुंद गल्लीतल्या सोसायट्यांसाठी सुचवला जाणारा उपाय म्हणजे रुंदीकरण. दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांनी आवारातली पट्टी महापालिकेला द्यायची, रस्ता ९ मीटरचा करायचा, म्हणजे एफएसआय वाढतो. १८ घरांच्या जागी ३५-४० घरे येतात. नियमानुसार प्रत्येकामागे पार्किंग येते, तळमजल्यावरची घरे जाऊन तिथे गाड्या उभ्या राहतात आणि कुंपणालगतची झाडे पट्टीबरोबर जातात. ज्या अरुंदपणामुळे गल्ली चालण्याजोगी होती, तोच घराच्या किमतीच्या आड येतो आणि तो दूर केला की वाहनांना वाट मिळते. बाजारहाट, शाळा, स्टेशन जागच्या जागी राहतात, पण आठ वर्षांच्या मुलाला एकटे शाळेत पाठवता येईल का, याचे उत्तर बदलते.

शिवाय हे सगळे एका वर्षात घडत नाही. एक सोसायटी आज पाडली जाते, शेजारची चार वर्षांनी, पलीकडची न्यायालयात अडकलेली. तोपर्यंत नव्या इमारतीचे कुंपण दीड-दोन मीटर मागे, जुन्याचे जागच्या जागी पुढे. मध्ये पदपथ सुरू होतो आणि वीस पावलांवर भिंतीला टेकून संपतो.